मेजर निवडायच्या आधी एमएस्सीच्या अटी वाचा

कऱ्हाडजवळच्या एका कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. जून लागला की पदवीच्या प्रवेशाच्या टेबलावर दर दुसरा पालक विचारतो, "मॅडम, स्कोप कशाला आहे?" पाच वर्षांनंतरचा स्कोप मला सांगता येत नाही. कुठला विषय सोडला की पुढचं काय बंद होतं, ते मात्र सांगता येतं.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करा. आयआयटींतल्या एमएस्सीसाठी फेब्रुवारीत जॅम ही प्रवेश परीक्षा होते. तिचे पेपर सातच: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, बायोटेक्नॉलॉजी, जिऑलॉजी आणि इकॉनॉमिक्स. झूलॉजीचा वेगळा पेपर नाही, कॉम्प्युटर सायन्सचाही नाही. कुठल्या एमएस्सीला पदवीत कोणते विषय हवेत, हे जॅमच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. ते आणि कॉलेजचं विषयगटांचं पत्रक शेजारीशेजारी ठेवा आणि प्रत्येक गटापुढे पेन्सिलीने टिक करत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

टिक करताना लक्षात येईल की अडचण बहुतेक वेळा मेजरमुळे, म्हणजे मुख्य विषयामुळे येत नाही, गणित सुटल्यामुळे येते. फिजिक्स मेजर घेऊन गणित पहिल्याच वर्षी सोडलं, तर बऱ्याच चांगल्या ठिकाणी अर्जच करता येत नाही. बीसीएवाल्यांचंही तेच. एनआयटींच्या एमसीएसाठीच्या निमसेट या प्रवेश परीक्षेला पदवीत गणित किंवा स्टॅट लागतं. इकॉनॉमिक्सच्या जॅम पेपरातही गणित आहेच. गणित मेजर आणि स्टॅट मायनर, म्हणजे दुय्यम विषय घेणाऱ्याला एकाच वर्षी जॅमचे दोन पेपर देता येतात. (मी स्टॅटचीच, त्यामुळे हे मत थोडं कमी वजनाने घ्या.)

बायोलॉजीवाल्यांनी घाबरू नये, पण मायनर केमिस्ट्रीच घ्यावा. बायोटेकच्या पेपरात केमिस्ट्री, फिजिक्स, गणित सगळं थोडंथोडं विचारतात.

'डेटा सायन्स', 'फॉरेन्सिक' अशा चकचकीत नावांच्या पदव्यांबद्दल विचाराल, तर नावापेक्षा सहाही सेमिस्टरचे पेपर बघा. गणित, स्टॅटचे पुरेसे क्रेडिट नसतील, तर तीन वर्षांनी पात्रतेच्या अटीतल्या "संबंधित विषय" या दोन शब्दांवर अर्ज अडकतो.

नव्या शैक्षणिक धोरणात काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मेजर दुसऱ्या वर्षी ठरवता येतो. तुमच्याकडे ती सोय असेल तर घाई करू नका. पदवीचं ऐच्छिक चौथं वर्षही डोक्यात ठेवा. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांनी एका वर्षाचीही असू शकते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी हवी तर पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून 75 टक्के लागतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे हे चौथं वर्ष कामी येतं.

आणि दरवर्षी अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून ठेवा. जर्मनीतली विद्यापीठं कुठल्या पेपरात काय शिकलात ते तपासतात, आणि अभ्यासक्रम बदलला की आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची जुनी फाईल बऱ्याचदा सापडत नाही.