बॅकअपची डिस्क त्याच कपाटात ठेवू नका

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीतल्या घरात शिरलं, तेव्हा माझ्याकडे बॅकअप होता. मी घरी बसून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं असं अकरा वर्षांचं काम कॉम्प्युटरमध्ये होतं आणि त्याची प्रत एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. पाणी वाढायला लागल्यावर 2005 च्या पुराची भिंतीवरची खूण बघून आम्ही सगळं सामान तिच्या वर चढवलं. सीपीयू टेबलावर स्टूल ठेवून त्यावर आणि डिस्क कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मग मुलांना घेऊन मिरजेला धाकट्या बहिणीकडे गेलो. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. परत आलो तेव्हा सीपीयू आणि डिस्क दोन्ही एकाच चिखलात होते.

वाचलं ते एवढंच: आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. मावशीला ऐकायच्या होत्या म्हणून मी त्या पेन ड्राइव्हवर भरून विट्याला पाठवल्या होत्या. तिथे कृष्णा नाही. आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या पेन ड्राइव्हने मला जे शिकवलं त्यावर माझी आजची सगळी पद्धत उभी आहे. प्रती किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत हे आधी बघायचं. जे संकट मूळ फाइलवर येईल, तेच संकट त्याच दिवशी प्रतीपर्यंत पोहोचू शकतं का? पोहोचत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी अजून एक प्रत करायची.

आधी डी ड्राइव्हचा गैरसमज

पत्रिका करायला येणारी माणसं मला हमखास सांगतात, "सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय, काळजी नाही." ही समजूत उगाच आलेली नाही. विंडोज बिघडलं की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो आणि डी मधलं तसंच राहतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्कच गेली की दोन्ही गेले. खात्री करायची असेल तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी दोन्ही 'डिस्क 0' च्याच ओळीत दिसले तर ती एकच वस्तू आहे. वेगवेगळ्या ओळीत दिसले तरी दोन्ही एकाच डब्यात, एकाच पॉवर सप्लायवर आहेत. चोर एक उचलून दुसरं ठेवून जाणार नाही.

मी काय करते

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रुजवलेला एक नियम आहे, त्याला 3-2-1 म्हणतात. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. सांगलीच्या माणसाला यातला शेवटचा एक सगळ्यात महत्त्वाचा.

सुरुवात निवडण्यापासून करा. जे पुन्हा मिळू शकतं ते सोडून द्या: सिनेमे, गाणी, डाउनलोड केलेली सॉफ्टवेअर. जे पुन्हा कुणीच देऊ शकणार नाही ते एका फोल्डरमध्ये आणा. माझ्याकडे त्या फोल्डरचं नाव 'घर' आहे आणि त्यात फोटो, आईचं रेकॉर्डिंग, गिऱ्हाइकांची कामं, इन्कम टॅक्सचे कागद, मुलांची प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेवलेली आहेत. मोबाइलमधले फोटोही महिन्यातून एकदा केबल लावून कॅमेऱ्याच्या 'डीसीआयएम' फोल्डरमधून यात ओतते. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो त्या फोल्डरमध्ये येतातच असं नाही. ते वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेवढे शोधून घ्या. हल्ली घरच्या कार्यक्रमांचे निम्मे फोटो तिथेच असतात.

मग दोन हार्ड डिस्क घ्या. पहिली घरात. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, फाइल हिस्टरी असं जाऊन ही आपोआप प्रत काढणारी सोय चालू करा. डिस्क जोडलेली असेल तर फाइल हिस्टरी दर तासाला बदललेल्या फाइल घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. दिवाळी अंकाचं पान चुकून खराब करून सेव्ह केलं तर परवाचं पान परत काढता येतं, हा मला तिचा मोठा आधार वाटतो. पण एक गोष्ट नीट बघा. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डर घेते. तुमचा 'घर' फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर ती त्याला हातही लावणार नाही. त्यावर राइट क्लिक करून, शो मोअर ऑप्शन्समधून, इन्क्लूड इन लायब्ररी करावं लागतं. अॅपलचा कॉम्प्युटर असेल तर टाइम मशीन 2007 पासून त्यात आहेच, डिस्क जोडून फक्त हो म्हणायचं असतं.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते ते आठवत असेल. तसला व्हायरस जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातो, त्याला बॅकअपची डिस्क वेगळी ओळखू येत नाही. मी रोज संध्याकाळी काम आवरताना डिस्क जोडते, फाइल हिस्टरीत 'रन नाऊ' दाबते आणि ती थांबली की डिस्क सुरक्षित काढून ड्रॉवरमध्ये ठेवते. लाइट जाऊन एकदम जास्त दाबाने परत आली तरी ती शाबूत राहते.

दुसरी डिस्क मिरजेला बहिणीकडे असते. त्या डिस्कसाठी मी कुठलंही खास सॉफ्टवेअर वापरत नाही. 'घर' फोल्डर जसाच्या तसा कॉपी करते आणि नावात वर्ष-महिना घालते. शेवटचे तीन महिने ठेवते, त्याआधीचे पुसते. एकच प्रत ठेवून दरवेळी तिच्यावरच नवी चढवली तर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते आणि आपल्याला कळतही नाही.

हे कधी करायचं, याची मला फार अडचण होती. कॅलेंडरवर टाकलेल्या आठवणी मी बाजूला सारायचे. शेवटी संकष्टी धरली. त्या दिवशी उपास असतो, चंद्रोदयापर्यंत थांबायचंच असतं. त्या वेळात कॉपी होते आणि त्याच आठवड्यात मिरजेला डिस्क पोहोचते. तुम्ही पगाराचा दिवस धरा, अमावस्या धरा, पण जो दिवस तुमच्या घरात आपोआप पाळला जातो तोच धरा.

क्लाउडबद्दल

क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायची, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरची जागा. गुगलच्या खात्यात अशी 15 जीबी जागा फुकट मिळते, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. 1 जून 2021 नंतर फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा राहिलेली नाही. म्हणून मी तिथे फक्त लहान आणि मौल्यवान गोष्टी ठेवते: ओव्या, स्कॅन केलेले कागद, चालू कामं. परवडत असेल तर जागा विकत घ्या, पुराच्या दृष्टीने ती मिरजेपेक्षाही सुरक्षित.

पण सिंक म्हणजे बॅकअप समजू नका. सिंकमध्ये दोन्हीकडचं सारखं ठेवलं जातं, त्यामुळे गुगल ड्राइव्हचा सिंक केलेला फोल्डर कॉम्प्युटरवर पुसला की वरही पुसला जातो. ट्रॅशमध्ये तो 30 दिवस राहतो, नंतर नाही. शिवाय दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं. म्हातारपणी किंवा आजारपणात हे सहज घडतं, म्हणून वडीलधाऱ्यांच्या फोटोंचं खातं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू द्या.

मराठी फाइल असतील तर

हे मला कुठल्याच सल्ल्यात सापडलं नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल वाचते, मजकूर वाचत नाही. पुरानंतर एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडची स्मरणिकेची फाइल मला परत दिली आणि ती उघडायला माझ्याकडे फॉन्टच नव्हता. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे डॉक्युमेंट्सच्या बॅकअपमध्ये ते येत नाहीत. वापरलेले सगळे फॉन्ट 'घर' मध्ये कॉपी करा. झालेल्या कामाची पीडीएफ करताना फॉन्ट त्यातच बसवा. आणि ज्या मजकुराचा जीव आहे, आजोबांच्या आठवणी, कविता, वंशावळ, तो युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय उघडणाऱ्या मराठीत, बदलून एक प्रत ठेवा.

उघडून बघा

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण वेळेला एकही नीट चालत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाताला लागली म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतः उघडपणे लिहिलं. जिथे हेच काम करणारी माणसं पगारावर आहेत तिथे असं होतं, तर आपण दर महिन्याला तीन फाइल उघडून बघायला हव्यात. मी एक जुना फोटो, एक पत्रिका आणि एक ओवी उघडते, तीही शक्यतो बहिणीच्या लॅपटॉपवर. ओवी पूर्ण ऐकते.

डिस्क भिजलीच तर तिला वीज देऊ नका. मी उन्हात वाळवली आणि उत्साहाने जोडली, आतून टकटक आवाज आला आणि उरलीसुरली आशा गेली. उन्हात, तांदळात, कशातही न वाळवता ती ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि डेटा परत काढणाऱ्या जाणकाराकडे न्यायची.

राहिला एक कागद. नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपोआप बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असते आणि अडचणीच्या वेळी तो 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. मी ती वहीच्या पानावर उतरवली, खाली गुगलच्या खात्याचा पासवर्ड लिहिला आणि ते पान पाकिटात घालून डिस्कबरोबर मिरजेला दिलं. पाकिटावर मुलाचं नाव आहे.