स्क्विड बघायला रात्री पाण्यात उतरताय? या चुका टाळा

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या ला होया शोअर्स किनाऱ्यावरून पोहत निघालं की थोड्याच अंतरावर समुद्रतळ एका खोल घळीत उतरतो. हिवाळ्यातल्या काही रात्री या घळीच्या काठाशी स्क्विड, म्हणजे आपल्याकडचं माकूळ, झुंडीनं वर येतं. जोड्या जमतात, नर मादीला धरतो तेव्हा त्याचे हात लालभडक होतात, वाळूत बोटासारख्या पांढऱ्या अंडपिशव्या रोवल्या जातात आणि मग ती पिढी संपते. आयुष्य सगळं मिळून सहा ते नऊ महिन्यांचं. बघायला जरूर जा, असं दृश्य क्वचितच मिळतं. मात्र इथल्या बहुतेक अडचणी एकाच कारणानं सुरू होतात: नजर स्क्विडवर खिळते आणि खोली दाखवणाऱ्या आकड्यावरून हटते.

तारीख आधी ठरवणं, चौकशी नंतर करणं

दक्षिण कॅलिफोर्नियात हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. पण ते कोणत्या आठवड्यात येतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि एल निन्योच्या वर्षी तर संख्या फारच घटते. त्यामुळे एकाच रात्रीवर सगळा बेत टांगू नका. तीन-चार रात्री मोकळ्या ठेवा आणि आदल्या दिवशी उतरलेल्या स्कूबा डायव्हरांना विचारा. नुसती अंडी दिसली एवढ्यावर जाऊ नका. ती फुटायला तीन ते पाच आठवडे लागतात, म्हणजे घालणारे कधीच संपलेले असू शकतात. पिशव्या स्वच्छ पांढऱ्या असतील तर आशा धरा, तपकिरी पुट चढलं असेल तर उशीर झालाय.

दूर समुद्रात मासेमारी बोटींचे प्रखर दिवे दिसणं ही चांगली खूण. पण शुक्रवारी दुपारी बारापासून रविवारी दुपारी बारापर्यंत कॅलिफोर्नियात स्क्विडची व्यावसायिक मासेमारी बंद असते. शनिवारी रात्री क्षितिजावर अंधार दिसला म्हणून बेत रद्द करणारे इथेच फसतात.

खोलीचा हिशेब पाण्यात गेल्यावर करणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. झुंड उतारावर खाली सरकत असते आणि तिच्यामागे आपणही सरकतो, तेही नकळत, कारण अंधारात उतार जाणवत नाही. 18 मीटरचं प्रशिक्षण असलेला डायव्हर बघता बघता 30 मीटरवर पोचतो. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून हवाही चौपट वेगानं संपते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर तिथे 80 लिटर. 11 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाला सुमारे 2200 लिटर हवा मावते. चौथा हिस्सा राखीव ठेवला तर उरते जेमतेम वीस मिनिटांची, आणि त्यातच उतरणं-चढणंही आलं. थंडीत, उत्साहात श्वास आणखी वाढतो.

म्हणून किनाऱ्यावरच जोडीदाराशी दोन आकडे पक्के करा: कमाल खोली आणि टाकीतला किती दाब उरला की परत फिरायचं तो आकडा. ती खोली आली की थांबायचं, झुंड कितीही जवळ असो. खाली-वर होत राहिल्यानं कानांनाही त्रास होतो, त्यामुळे एका पातळीवर राहून त्यांना आपल्याकडे येऊ देणं केव्हाही चांगलं.

सगळ्यांत प्रखर टॉर्च

स्क्विड प्रकाशाकडे धावतात. मोठा टॉर्च रोखलात तर ते मास्कवर आदळतात, वाळू उसळते, जोडीदार दिसेनासा होतो. असं झालं तर टॉर्च बंद करू नका. प्रकाश मंद करा, हात लांब करून बाजूला धरा, डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली दाखवणारं उपकरण, मास्कजवळ आणून आकडा वाचा. वर कुठे, खाली कुठे हे कळेनासं झालं तर बुडबुडे कुठल्या दिशेला जातात ते बघा. जोडीदार मिनिटभरात सापडला नाही तर सावकाश वर या. दोघांकडेही दुसरा टॉर्च हवाच. मुख्य टॉर्च गेला की डाइव्ह तिथेच संपवायची.

झुंडीमागे सी लायनही (सीलसारखे सागरी प्राणी) येतात आणि अंधारातून अचानक अंगाजवळून जातात. त्यांचं लक्ष स्क्विडवर असतं. तुम्ही स्थिर राहा.

तारकर्ली किंवा अंदमानच्या उबदार पाण्यात शिकलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: इथे हिवाळ्यात पाणी साधारण 13 ते 16 अंश असतं. पातळ सूट चालत नाही. 7 मिलिमीटरचा सूट, हूड, हातमोजे लागतात. जाड सूट वर तरंगवतो, त्यामुळे बुडण्यासाठी पट्ट्यात लावायचं वजनही वाढवावं लागतं, ते दिवसा तपासून घ्या. रात्री तरंगण्यावर ताबा नसेल तर गुडघे थेट अंडपिशव्यांवर टेकतात.

ला होया शोअर्सचा मोठा भाग माटलाहुआयल सागरी राखीव क्षेत्रात येतो. तिथून काहीही उचलायचं नाही, मेलेलं स्क्विडसुद्धा.

परतीचं विमान लगेच असेल तर एका डाइव्हनंतर निदान 12 तास, अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर निदान 18 तास मध्ये ठेवा.