हौस या शब्दाचे मूळ कसे शोधावे

अतिउत्साहासाठी कोकणात सर्रास वापरला जाणारा ‘हौस’ हा शब्द अभ्यासायचा असेल, तर कोश उघडण्यापूर्वी त्याचे बोलण्यातले प्रयोग टिपून घ्यावेत. आंगणेवाडीच्या जत्रेला लोटणाऱ्या गर्दीत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकार सांगितले जातात, आणि नवस फेडायला आलेल्यापासून केवळ उत्साहापोटी आलेला ‘हौशा’ वेगळा काढणारी ही विभागणी अर्थनिश्चितीसाठी फार मोलाची आहे. हौस ‘फिटते’, ‘भागते’ किंवा ‘दांडगी’ असते. म्हणजे ती तहानेसारखी शमवावी लागते, हे क्रियापदांवरूनच कळते.

त्यानंतर व्युत्पत्ती पाहावी. त्यासाठी १९४६ सालचा कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ जवळ असावा. ‘हौस’चे मूळ अरबी ‘हवस’ असून त्या भाषेत त्याचा अर्थ डोक्यात शिरलेले वेड, अनावर ओढ असा आहे. ‘गवळण’ आणि ‘गौळण’ ही रूपे शेजारी ठेवली की ‘अव’चा ‘औ’ कसा होतो ते लगेच दिसते. (देवळात लावला जाणारा ‘कौल’ही मूळचा अरबीच, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.)

शेवटी अर्थांतर तपासावे: हिंदीत ‘हवस’ वासनेकडे झुकला, तर मराठीत त्याच मुळापासून आलेला शब्द इतका सौम्य झाला की दशावतारात आवडीने काम करणाऱ्याला आपण कौतुकाने ‘हौशी’ कलावंत म्हणतो.