टॅक्सीची नोंदणी फी रिटर्नमध्ये कुठे दाखवायची: माझा अनुभव

दिराने गेल्या दिवाळीत टॅक्सी घेतली. कळंगुट-बागा भागात पर्यटकांची भाडी मारतो, हिशेब मी बघते. रिटर्नचा कच्चा मसुदा आला, तर रोड टॅक्स, नोंदणी फी, नंबरप्लेट सगळं नफ्यातून सरळ खर्च म्हणून वजा केलेलं! कर जवळजवळ शून्य. दीर खूश. "वहिनी, राहू दे ना तसंच."

मला पटेना. गाडी रस्त्यावर येईपर्यंत जे एकदाच भरावं लागतं, ते गाडीच्या किमतीत धरायचं. त्या एकूण रकमेवर घसारा (गाडी जुनी होत जाते म्हणून दरवर्षी नफ्यातून वजा होणारा किमतीचा भाग) मिळतो: भाड्याने चालणाऱ्या गाडीला ३० टक्के, दुकानदाराच्या स्वतःच्या कारला साधारण १५. आमची गाडी पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी चालली, म्हणून ३० चेही अर्धेच. दरवर्षीचा विमा, फिटनेसची फी, पेट्रोल, दुरुस्ती मात्र त्या-त्या वर्षाचा खर्च. पावत्या वेगळ्या लावल्या आणि तक्ता बदलून घेतला.

सासूबाईंना अधूनमधून त्याच गाडीने मंगेशीला जायचं असतं. तेवढा घरगुती वापराचा वाटा १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३८ प्रमाणे वगळावा लागला. यावरून घरात थोडी कुरबुर झाली, ती झालीच.

त्याच कायद्यातल्या कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवणाऱ्यांना यातलं काहीच वेगळं वजा करता येत नाही, घसारा त्यातच आला. आणि पगारदारांनी ऑफिसला जायच्या स्कूटरच्या नोंदणी फीचा विचारच सोडावा.