सुरतेला जायचं तर गाडी लांब लावून आणि रिकाम्या पोटी

धुळ्यात माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. लेस, जर, टिकल्या, लटकन असला माल संपत आला की वर्षातून दोनदा सुरतेला जावं लागतं. पहिली सात-आठ वर्षं मी रात्रीच्या बसनं जायची. सकाळी रिंग रोडला उतरायचं, दुपारपर्यंत गठ्ठे बांधायचे, संध्याकाळी परत. सुरत म्हणजे चार जिने आणि एक बंद लिफ्ट, एवढीच माझी ओळख. मग आम्ही सेकंडहँड वॅगनआर घेतली आणि एकदा नणंदेनं, ती उधन्याला राहते, रागावूनच विचारलं, "वहिनी, तुम्ही सुरत बघितली तरी का कधी?" तेव्हापासून दोन दिवस काढूनच जाते. मैत्रिणी रस्ता विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

निघायचं पहाटे साडेचारला. उशीर केलात तर साक्रीच्या पुढं कोंडाईबारी घाटात ट्रकच्या मागं रांगत बसाल. धुळे ते सुरत साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण ट्रक आणि रस्त्याची कामं धरली तर पाच तास हाताशी ठेवा. हमरस्त्याचा नंबर आता ५३ झालाय, आमच्याकडे अजून सहा नंबरच म्हणतात. पेट्रोल धुळ्यात नवापूरपुरतंच टाका. हद्द ओलांडली की लिटरमागं बऱ्यापैकी वाचतात. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा निघण्याआधी डिकी एकदा उघडून बघा. पुतण्याच्या लग्नातली एखादी बाटली राहिलेली असते आणि नाक्यावर शोभा होते. आमची झाली नाही, पण शेजाऱ्यांची झाली.

नवापूरला चहा घ्या आणि मुलं सोबत असतील तर रेल्वे स्टेशन दाखवा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पुढं सोनगडला डोंगरावर गायकवाडांचा किल्ला दिसतो, आणि तिथून जवळच उकाई धरण. आपली तापी, मुक्ताईनगर-भुसावळकडून येते ती, इथं अडवली आहे. आमचे हे दरवेळी इथं गाडी हळू करतात आणि म्हणतात, "आपल्याकडचं पाणी." मी काही बोलत नाही. पण खरंय, सुरतेचा रस्ता तापीच्याच मागं मागं जातो. आपण घाट चढतो-उतरतो, ती मात्र खालून गुपचूप आधी पोचलेली असते.

बारडोलीला फार खाऊ नका. मी एकदा पातरा आणि खमण भरपेट खाल्लं आणि सुरतेची अख्खी सकाळ वाया घालवली.

आता मुख्य गोष्ट. गाडी जुन्या शहरात न्यायची नाही. पार्किंग असलेलं हॉटेल अडाजण किंवा अठवा बाजूला घ्या, तिथं गाडी लावा आणि दोन दिवस तिला विसरा. आम्ही पहिल्यांदा हुशारी करून भागळपर्यंत गाडी नेली. पाऊण तास एका जागी उभे. पुढं हातगाडी, मागं रिक्षा आणि एका बाजूला गाय. जुनी सुरत रिक्षानं चौक बाजारापर्यंत आणि तिथून पायी. चौकातला किल्ला सोळाव्या शतकात बांधलेला, आता नीट दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय. उन्हाच्या वेळी तासभर तिथं काढायला छान. जवळच मुगलसराय. १६४४ मध्ये बांधलेली ही सराय हजच्या यात्रेकरूंसाठी होती, आज तिथं महापालिकेचं कार्यालय आहे.

सकाळी पहिलं पोटात जायला हवा तो लोचो. हरभऱ्याच्या डाळीचं वाटण वाफवायचं, पण खमणासारखं घट्ट वडी पडेल असं नाही, लगदाच ठेवायचा. खमण बिघडलं त्यातून हा निघाला असं सगळे सांगतात. वरून तेल किंवा लोणी, मसाला, शेव, कांदा, बाजूला हिरवी चटणी. उभ्यानं, कागदी द्रोणात, गरम असतानाच खायचा. गार लोचो म्हणजे विरजण न लागलेलं काहीतरी. गर्दी असेल त्याच गाडीवर उभे राहा, बाकी नाव बघू नका.

मग खरेदी. इथं दोन वेगळ्या सुरती आहेत आणि बायका हमखास गोंधळतात. रिंग रोडचे टेक्स्टाइल मार्केट हे घाऊक. साड्यांचे सेट घ्यावे लागतात, एक साडी मागितली तर काही जण तोंडही वर करत नाहीत. रविवारी बंद. दिवाळीत तर लाभपंचमीपर्यंत कुणी शटर उघडत नाही, तेव्हा भाऊबीज झाल्या झाल्या गेलात तर हात हलवत परत याल. दुसरी सुरत म्हणजे चौटा बाजार. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या दुकानातल्या लटकनांना इकडून हात लागतो. बटणं, लेस, बांगड्या, रेडिमेड, सगळं सुटं मिळतं. शिवणकाम करणाऱ्यांनी चौट्यातच जावं. लेस मीटरनं मागितली तर महाग पडते, नऊ मीटरचं बंडल घ्या आणि मैत्रिणीबरोबर वाटून घ्या. पेटत्या रंगाच्या लेसचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रंग उतरला तर ठेवून द्या. दुकानदार रागावत नाही. रागावला तर मग नक्कीच ठेवून द्या.

जरीसाठी मात्र वेळ द्या. आपल्या येवल्याच्या पैठणीला जी जर लागते ती इथून जाते, हे मला पंधरा वर्षं शिवणकाम करूनही ठाऊक नव्हतं. नणंदेच्या ओळखीनं एका कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्या. चांदीची तार एकामागून एक लहान भोकांतून ओढत ओढत केसाइतकी बारीक करतात. मग ती चपटी करतात, त्याला बादला म्हणतात. तो बादला रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळला की कसब तयार, आणि शेवटी त्यावर सोन्याचा मुलामा. तिथला म्हातारा कारागीर तार बोटावर घेऊन बघत होता, चष्मा कपाळावर. डोळ्यांनी नाही, बोटानंच कळतं म्हणाला. मी त्याला माझं बोट दाखवलं, सुईनं चाळण झालेलं. तो हसला आणि चहा मागवला. ओळख नसेल तरी जरीच्या दुकानात सरळ विचारा, "बनते कुठं, बघायला मिळेल का?" दहातले दोन तरी नेतात.

ओळखायची कशी ते लिहून ठेवा. तीन प्रकार असतात. खरी जर चांदीची, नकली जर तांब्याच्या तारेची आणि तिसरी प्लास्टिकची. धागा नखानं खरवडा. मुलाम्याखालची तार तांबूस दिसली तर नकली. टोक काडीपेटीनं जाळा. प्लास्टिक असेल तर आकसून गोळी होते. खऱ्या जरीत रेशीम केस जळल्यासारखा वास देत जळून जातं आणि धातू मागं राहतो. मला एकानं खरी म्हणून दिली होती, बिलासकट. मी काडी ओढली नाही, लाजले. धुळ्याला आल्यावर एका नवरीच्या ब्लाउजला लावली आणि पहिल्या इस्त्रीला सुरकुतली. ते ब्लाउज मी पदरच्या पैशानं परत शिवलं. तेव्हापासून पर्समध्ये काडीपेटी असतेच.

भाव करताना एक सांगते. "आम्ही सुरत लुटायला आलोय" हा विनोद करू नका. महाराजांनी १६६४ मध्ये आणि परत १६७० मध्ये सुरतेवर स्वारी केली. आपण ते शाळेत अभिमानानं शिकतो, सुरतवाल्यांच्या घरात त्याची गोष्ट वेगळी सांगतात. आमच्या ह्यांनी हा विनोद केलाच. दुकानदार गोड हसला आणि त्यानंतर एक रुपयाही उतरला नाही. इतिहासाची हौस असेल तर कतारगामकडची इंग्रजांची दफनभूमी बघा. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रजांची वखार सांभाळणारा जॉर्ज ऑक्सेंडन तिथं आहे. थडगं कसलं, घुमटवाली हवेलीच.

आणखी एक कला बघून या, कारण ती करणारे फार उरले नाहीत. तिचं नाव सादेली. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या जुळवून, चिकटवून दांडकं करायचं आणि मग ते आडवं कापायचं. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी येते, आडव्या कापलेल्या गाजरासारखी. त्या चकत्या पेटीवर जडवतात. पूर्वी हस्तिदंतही वापरत. पेटी महाग असते, मी घेतली नाही. पण तिच्यावरचा एक तारा मोबाइलमध्ये काढला आणि घरी आल्यावर तुकड्या-तुकड्यांच्या कापडावर बसवून उशीचे अभ्रे शिवले.

डबगरवाड संक्रांतीच्या आधीच्या पंधरवड्यात बघा. पतंग आणि मांजा. रस्त्याकडेला दोरा पसरून गुलाबी रंगवत बसलेली माणसं असतात. त्या दिवसांत दुचाकीवर फिरू नका, गळ्याला दोरा लागतो. हिरे बघायचे असतील तर महिधरपुऱ्यात जा. रस्त्यात उभे राहून कागदाच्या पुड्या उघडून हिरे दाखवतात, आपण भाजी मंडईत शेंगा सोलून बघतो तसे. आपल्याला कुणी विचारत नाही, ते बरंच आहे.

हिवाळ्यात जाणार असाल तर पोंक. म्हणजे आपला हुरडाच, कोवळी ज्वारी. पण आपण शेतात आगटीभोवती बसून तळहातावर चोळून खातो, ते इथं दुकानातून वजनावर घेतात आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. पहिल्यांदा मला हसू आलं, हुरडा विकत! मग ती शेव खाल्ली आणि हसू थांबलं. आता शेव मी पिशवीभर आणते आणि हुरडा घरचाच.

चार वाजता चहाबरोबर दोटीवाला बेकरी. नानपुऱ्यात आहे, १८६१ सालची, पारशी. डच लोकांची बेकरी होती, ते गेल्यावर त्यांच्याकडे काम करणाऱ्या दोटीवालांकडे आली असं सांगतात. खरपूस बटर बिस्किटं आणि नानखटाई घ्या. रांदेरला रात्री जा, तापीच्या पलीकडच्या काठावर. तिथली आलुपुरी म्हणजे छोट्या पुऱ्यांवर तिखट रस्सा, कोकमाची चटणी आणि कांदा. रांदेरचे व्यापारी पूर्वी ब्रह्मदेशात जात, म्हणून तिथं खावसाही मिळतो, नारळाच्या दुधातल्या नूडल्स. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. अंडं चालत असेल तर घोटालो खा, नाव ऐकून घाबरू नका. तहान लागली तर सोस्यो, सुरतेचंच जुनं थंड पेय.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हॉटेलातून गाडी काढा आणि डुमसला जा. वाळू काळी आहे, समुद्र मातकट. निळंशार पाणी हवं असेल तर कोकणात जा, इथं भज्यांसाठी यायचं. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी थापून बेसनात तळलेली भजी आणि कोनफळाची, ज्यावर भरडलेले धणे-मिरे दिसतात ती. पहिला घास थांबून घ्या, टोमॅटो आतून उकळता असतो. माझी जीभ तीन दिवस दुखली. तापी इथंच जवळ समुद्राला मिळते. भजी खाता खाता आमचे हे परत म्हणाले, "आपल्याकडचं पाणी." ह्यावेळी मीही मान हलवली.

गाडीवाल्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि एकदम म्हणाला, "तुमनं गाव कोनतं शे?" शिरपूरकडचा निघाला. सुरतेत हे होणारच. उधना, लिंबायत, डिंडोलीत अर्धं खानदेश राहतं. गुजराती येत नसेल तर मराठी बोला, मराठीला उत्तर आलं नाही तर अहिराणी काढा. भाव तिथंच पडतो.

बांधून आणायचं ते असं. घारी घ्या, पण ती आपली लाल भोपळ्याची घारी नव्हे. मैद्याच्या पारीत मावा-पिस्ता आणि वर साजूक तुपाचा थर. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदी पाडव्याला, अख्खं शहर ती खातं. तेव्हा जात असाल तर आधी सांगून ठेवा. गाडीत मागच्या काचेखाली ठेवू नका, तूप वितळून सीटला लागतं आणि वास जात नाही. नानखटाई चार-पाच दिवस छान राहते.

लोचो मात्र आणू नका. मी हौसेनं सासूबाईंसाठी डब्यात आणला होता. नवापूरला घट्ट झाला, साक्रीला पाणी सुटलं. धुळ्याला डबा उघडला तेव्हा सासूबाईंनी चमचा उभा खुपसला, तो तसाच उभा राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हाई खावानं शे का भिंतले लावानं?"