सर लेझर बघायला येणार, त्याआधी

ज्युनिअर कॉलेजातले फिजिक्सचे सर तुमचा लेझर बघायला घरी येणार असतील, तर तयारी गॉगलपासून सुरू करा, चहा-फराळाचं नंतर. दोन वॅटचा निळा डायोड, म्हणजे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीवाला, थेट लेझरच्या धोक्याच्या चौथ्या, सगळ्यात वरच्या वर्गात मोडतो. ५०० मिलिवॅटच्या वर गेलं की तोच वर्ग. त्याचा भिंतीवर पडलेला ठिपकासुद्धा जवळून उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि इथे तेवढा उशीर फार झाला. गॉगलवर ४५० ज्यात येतात तो पट्टा आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, काच किती प्रकाश अडवते त्याचं माप) ४ किंवा जास्त, असं छापलेलं हवं. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत येतो; दोन वॅटचे उरतात ०.२ मिलिवॅट. लेझरच्या खोक्यात फुकट आलेला, काहीही न छापलेला गॉगल सरांच्या हातात देऊ नका. सरांना नंबरचा चष्मा असणारच, म्हणून चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मागवा आणि घरातल्या चष्मेवाल्यावर आधी चढवून बघा, नाकापाशी फट राहते का. माणशी एक हवा. सरांबरोबर काकू आल्या तर त्याही डोकावणार.

हिरवा ५३२चा लेझर काढणार असाल तर निळ्याचा गॉगल पुरेल असं धरून चालू नका. स्वस्तातल्या हिरव्या लेझरमध्ये आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश असतो, फिल्टर नसेल तर तोही बाहेर पडतो, आणि निळ्याच्या गॉगलची नारिंगी काच तो अडवेलच असं नाही. माझं विचाराल तर तो त्या दिवशी कपाटातच राहू दे.

मग खोली. झोत जिथे थांबणार तिथे साधी लाल वीट उभी करा. लेझर क्लॅम्पमध्ये घट्ट, हातात अजिबात नाही. सरांची खुर्ची लेझरच्या मागे, कारण बसल्यावर डोळे टेबलाच्या बरेच जवळ येतात. फोटोफ्रेमची काच, कपाटाचा आरसा झाका. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. सगळ्यात विसरतो तो चहा! ऐन वेळी कुणीतरी स्टीलच्या ट्रेमध्ये स्टीलचे पेले घेऊन येतं. म्हणून दाराला आतून कडी, आणि चहा आधी किंवा नंतर. मोबाईलही बाजूला, झोत पडला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जातो. काय जाळून दाखवायचं तेही ठरवा: आगपेटीची काडी, काळा फुगा, लाकडाची पट्टी. रेक्झिन किंवा पीव्हीसी नाही, धुरातून हायड्रोजन क्लोराईड निघतो. खिडकी उघडी ठेवा, पण झोत तिच्याकडे नको. पाण्याची बादली जवळ.

यादीत न लिहिलं जाणारं एक काम उरतं: सरांना हुकूम सोडायची सवय. ज्यांनी आपल्याला बाकावर उभं केलं त्यांना ‘सर, गॉगल काढू नका’ असं चारचौघांत म्हणताना जीभ अडखळते, आणि सर तर सवयीने वाकून बघणारच. भीड भिकेची बहीण. म्हणून आदल्या दिवशी फोनवरच सांगून टाका: ‘सर, लेझरची किल्ली माझ्या खिशात राहील. मी “चालू” म्हटल्याशिवाय लावणार नाही, आणि किल्ली काढल्यावरच गॉगल काढायचा.’ प्रॅक्टिकलची शिस्त त्यांचीच, ते हसतील आणि ऐकतील.

निव्वळ फुगे फोडून सरांचं मन भरणार नाही. त्यांच्यासाठी एक जुनी सीडी आणि एक मिलिवॅटच्या आतला लाल लेझर पेन वेगळा ठेवा. निळा सीडीवर कधीच मारायचा नाही, ती आरसाच आहे. सीडीच्या रेघांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं. ६५० नॅनोमीटरचा लाल पेन सरळ समोरून धरला तर सीडीवरून परतताना त्याचे अनेक ठिपके होतात; मधल्याशेजारचा पहिला ठिपका साधारण २४ अंशांवर जातो, म्हणजे पुठ्ठा ५० सेंटिमीटरवर असेल तर मधल्यापासून २२ सेंटिमीटर. पट्टी सरांच्या हातात द्या, आकडा आधी सांगू नका. कागद-पेन्सिल लागेल, कॅल्क्युलेटरही ठेवा, पण ते मागणार नाहीत.

गणपतीच्या मिरवणुकीत लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात, विचारतील. टाळाटाळ न करता ओडीचा हिशोब मांडा. आणि निघताना ‘नातवासाठी एक मागव रे’ म्हणाले, तर मागवायचा तो लाल पेनच. तोही देण्याआधी पॉवर मीटरवर ठेवून बघा, कारण लेबलावर एक मिलिवॅट लिहिलेले पेन पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट निघतात.