थेरपिस्ट शोधताय? आधी बसायची जागा ठरवा

गेल्या महिन्यात सांगलीच्या मावसबहिणीचा फोन आला. तिला थेरपिस्ट शोधायचा होता, सुरुवात कुठून करू म्हणून विचारत होती. मी अर्धा तास बरंच काही सांगितलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जे मी स्वतः विसरले होते तेच तिला सांगायचंही राहिलं. लगेच परत फोन लावला. मग म्हटलं, सगळं एकदा लिहूनच काढावं.

विसरलेली गोष्ट होती जागा. तुम्ही जे बोलाल ते घरातल्या, शेजारच्या, ऑफिसातल्या कुणाच्याही कानावर पडणार नाही अशी, दर आठवड्याला तासभर हक्काची जागा. खाली बाकीचं सगळं लिहिलंय, पण मी पुन्हा पुन्हा इथेच येणार आहे.

त्याआधी एक. जीव नकोसा झाला असेल, स्वतःला काही करून घ्यायचे विचार येत असतील, तर ही यादी बाजूला ठेवा. थेरपिस्ट शोधण्यात पंधरा दिवस सहज जातात, तेवढं थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाहीतर कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. बाकीचं नंतर बघू.

आता पहिलं काम, नक्की कुणाकडे जायचंय ते समजून घ्या. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, तो डॉक्टर असतो आणि गोळ्या तोच लिहून देऊ शकतो. सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. झोप, भूक पूर्ण उडाली असेल, कानात आवाज येत असतील, अंथरुणातून उठवतच नसेल, तर आधी सायकिअॅट्रिस्ट. तो बहुधा थायरॉइडची तपासणीही सांगेल, ती टाळू नका. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच उदास आणि गळून गेलेला दिसतो. बऱ्याच जणांना गोळ्या आणि बोलणं दोन्ही लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

डिग्री विचारा. लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर जाऊन नाव तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. काउन्सेलरची गोष्ट वेगळी. एमए करून, चांगलं शिक्षण घेऊन मन लावून काम करणारे कितीतरी जण आहेत, पण चार शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत आणि पाटीवर दोघं सारखेच दिसतात. म्हणून विचारा: शिक्षण कुठे झालं, पेशंट बघायला किती वर्षं झाली, अडलेल्या केसबद्दल कुणा अनुभवी माणसाशी बोलता का, म्हणजे सुपरव्हिजन घेता का. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा.

हे सगळं मी व्यवस्थित केलं होतं, म्हणूनच जीव तळमळतो. वडील गेल्यावर चार महिने मला रात्री तीनला जाग यायची आणि मग झोप लागायचीच नाही. बँकेत कॅश मोजताना आकडा विसरायला लागले तेव्हा थेरपिस्ट बघायचं ठरवलं. नोंदणी तपासली, फी विचारली, ऑनलाइन सेशन बुक केलं, हेडफोन नवे आणले. आणि बुधवारी संध्याकाळी सात वाजता डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये दार लोटून बसले. बाहेर हॉलमध्ये सासूबाई, मुलगी आणि टीव्ही. दाराला आतून कडी आहे, पण आमच्याकडे झोपायच्या वेळेआधी कडी कुणी लावत नाही. लावली असती तर ‘बरं नाही का गं?’ म्हणून दार वाजलंच असतं.

मी कुजबुजत बोलत होते. वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हे डॉक्टरांनी मला विचारलं होतं. सहीचा कागद माझ्या हातात दिला होता. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगणार होते. ‘त्या रात्री मी’ एवढं म्हटलं आणि दार उघडून सासूबाई चहाचा कप घेऊन आत आल्या. मायेनंच आणला होता. मी लॅपटॉपची स्क्रीन अर्धी मिटली, कप घेतला, ‘ऑफिसची मीटिंग आहे’ म्हणाले. त्या गेल्यावर थेरपिस्टनं विचारलं, ‘तुम्हाला आत्ता मोकळेपणानं बोलता येतंय ना?’ मी हो म्हणाले. पुढची चार सेशन्स मी झोपेबद्दल आणि ब्रँच मॅनेजरबद्दल बोलत राहिले. सहावं घेतलंच नाही. वर्षभर सगळ्यांना सांगत होते की थेरपीचा काही उपयोग होत नाही. एका मैत्रिणीनं तर माझं ऐकून घेतलेली अपॉइंटमेंट रद्द केली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर जागा. हेडफोननं समोरच्याचा आवाज घरात जात नाही. तुमचा जातो! हे मला पाच सेशन्समध्ये सुचलं नाही. पैसे भरायच्या आधी एकदा तपासून बघा: ठरवलेल्या खोलीत बसा, हेडफोन घाला, नेहमीच्या आवाजात बोला आणि घरातल्या कुणाला तरी बाहेर उभं करून विचारा काय ऐकू येतं. आपल्या फ्लॅटच्या भिंती आणि दारं काय असतात ते तेव्हा कळेल. घरात नसेल जमत तर घराबाहेर शोधा. दिवसभर कामाला असणाऱ्या मैत्रिणीचं रिकामं घर सगळ्यात उत्तम. ओळखीच्या डॉक्टरांची केबिन दुपारी एक ते चार बंदच असते, विचारून बघा, लहान गावात याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. गाडी असेल तर गाडी चालते, पण सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रेंज जाते, तेव्हा बाहेर लावा. गच्चीवर वारा माइकमध्ये घुसतो आणि कपडे वाळत घालायला कुणी ना कुणी येतंच. ऑफिसची काचेची मीटिंग रूम नको, तिथे रडता येत नाही. यातलं काहीच मिळत नसेल तर ऑनलाइनचा नाद सोडा आणि प्रत्यक्ष जा. लोकलचा तास-दीड तास मोडेल, मोडू दे.

घरात काय सांगायचं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. सगळं सांगायलाच हवं असं नाही. ‘दर बुधवारी साडेचार ते साडेपाच मी फोनवर असते, कुणी हाक मारू नका’ एवढं पुरतं. पण हे सेशनच्या आधी, शांतपणे सांगा. चहाचा कप दारात आल्यावर नाही.

पुढची गोष्ट भाषा. इंग्रजीत शिकलेले थेरपिस्ट इंग्रजीत सहज बोलतात, आपणही ऑफिसात बोलतो, म्हणून आपण तेच निवडतो. पण दुःखाचं बोलणं बहुतेकांना आईच्या भाषेतच येतं. ‘अँग्झायटी आहे’ म्हटलं की वाक्य तिथेच संपतं. ‘पोटात गोळा येतो’ म्हटलं की समोरची विचारते, कधी येतो, कुणाचा फोन आल्यावर येतो? जीव घाबरतो, कोंडल्यासारखं होतं, मन कशातच लागत नाही, हे सगळं जसंच्या तसं बोलता आलं पाहिजे. प्रोफाइलवर ‘मराठी’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका, पहिला कॉलच मराठीत करा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलत असाल तर तुमची बोली कळते का तेही विचारा.

शोधायचं कुठे? फॅमिली डॉक्टरला विचारा, त्यांना बहुधा दोन-तीन नावं माहीत असतात. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली, तिथलं काम मराठीत चालतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोनवर आणि चॅटवर समुपदेशन देते. दारूचा किंवा इतर व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासूनचं. पैशाची ओढाताण असेल तर सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी: मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, बाकी जिल्ह्याचं सिव्हिल. केसपेपर काढून नंबर लागतो, गर्दी असते, तासभर निवांत बोलणं होईलच असं नाही, पण तपासणी नीट होते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांच्या नावालाच लोक घाबरतात. तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

थेरपीच्या प्रकारांमध्ये फार अडकू नका. सीबीटी, आरईबीटी ही नावं कानावर येतील. आरईबीटीला आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे ती महाराष्ट्रात बरीच पोचली. तुमच्या थेरपिस्टला तिची पद्धत साध्या मराठीत सांगता आली म्हणजे झालं.

पहिल्या कॉलवर एवढं विचाराच: फी किती, सेशन किती मिनिटांचं, ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात का, ऐपतीप्रमाणे फी कमी होते का. मी चौकशी केली तेव्हा ८०० पासून २,५०० रुपयांपर्यंत आकडे ऐकले. महिन्याला चार सेशन्स धरून हिशेब मांडा, एकाचा नाही. विम्यावर भरवसा ठेवू नका. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा मिळावा असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्चच देत नाहीत, त्यामुळे सेशनची फी खिशातूनच जाते. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय राखणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद असतात, ते कोणते हे थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारा. आणि ऑनलाइन असेल तर हेही विचारा: ‘मध्येच कुणी खोलीत आलं तर आपण काय करायचं?’ मी आता पुन्हा थेरपी घेते आहे आणि आमचं ठरलंय, मी ‘फाइल पाठवते’ म्हटलं की थेरपिस्ट गप्प राहते. हे आधीच ठरलं असतं तर त्या बुधवारी मी खोटं ‘हो’ म्हणाले नसते.

प्रत्यक्ष जाणार असाल तर जागेचा प्रश्न मिटला असं समजू नका. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जा आणि बाहेरच्या बाकावर बसून ऐका. आतलं बोलणं ऐकू येत असेल तर तुमचंही ऐकू जाणार. पार्टिशनच्या भिंतीची क्लिनिक्स खूप आहेत. सरळ सांगा, किंवा मधली वेळ मागा जेव्हा बाहेर कुणी नसतं. गावात क्लिनिक भर चौकात असेल आणि ओळखीचं कुणी बघेल याची धास्ती वाटत असेल तर शेजारच्या शहरात जा, त्यात गैर काही नाही. परदेशात असाल तर अमेरिकेत साधारणपणे तुम्ही ज्या राज्यात बसून बोलता तिथलं लायसन्स थेरपिस्टकडे लागतं, तेव्हा कुठे बसणार हे तिथेही आधी सांगावं लागतं. भारतातल्या थेरपिस्टशी बोलणार असाल तर वेळेचा फरक बघा. पहाटे पाचला घर झोपलेलं असतं, पण रात्रीच्या शांततेत आवाज जास्तच जातो.

ज्यांच्याकडे जाऊ नये ते: तीन सेशन्समध्ये बरं करण्याची हमी देणारे, दहा सेशन्सचे पैसे आगाऊ मागणारे, ‘लग्न करून टाका, सगळं ठीक होईल’ म्हणणारे, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावागावासकट सांगणारे. नातेवाईक किंवा जवळची मैत्रीण थेरपिस्ट असेल तर तिच्याकडून नाव घ्या, उपचार नकोत.

पहिल्या सेशनला चालू गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट, आणि कधीपासून काय होतंय ते पाच ओळींत लिहिलेला कागद. मोबाइल चार्ज, रुमाल, पाणी. सेशन संपल्यावर लगेच स्वयंपाकाला किंवा काउंटरवर जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवा. तीन-चार सेशन्स द्या. जुळत नसेल तर तसं तिलाच सांगा आणि बदला. माझ्यासारखं गुपचूप बंद करू नका. गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं थांबवायच्या नाहीत.

मी आता बुधवारी बँकेतून लवकर निघून मैत्रिणीच्या घरी बसते. तिची किल्ली सोसायटीच्या वॉचमनकडे असते. परत देताना पुढच्या बुधवारी घर मोकळं आहे ना, ते तिला मेसेज करून तेव्हाच विचारते. तुम्हीही तसंच करा, मंगळवार रात्रीपर्यंत थांबू नका.